हवासाहेबांचा पांढरा शर्ट

नोटीस भिंतीला चिकटवायची असते, एवढं साधं ज्ञान सरकारी माणसाला असावं की नाही? पण सोमवारी सकाळी ऑफिसातून आलेल्या माणसाने खळीचा डबा उघडला, ब्रश बुडवला, समोर जे पांढरंशुभ्र आणि सपाट दिसलं त्यावर तो सपासप फिरवला आणि नोटीस थापून दिली. ती आत्याच्या लॉन्ड्रीची भिंत नव्हती. ती नर्सिंग होमची डबल चादर होती, नुकतीच पिळून दोरीवर टाकलेली.

“अहो! अहो, काय करताय?” आत्याची भाची हातातली इस्त्री उभी करून धावली.

“नोटीस लावतोय.”

“चादरीला?”

वारा आला. चादर हलली, तिच्याबरोबर नोटीसही हलली. माणूस एक पाऊल मागे सरला. “आयला,” तो म्हणाला, “तरी म्हटलं, या गल्लीत एवढी पांढरी भिंत कुठून आली!”

हा माणूस ऑफिसात पाणी फवारायच्या पंपावर होता, म्हणून सगळे त्याला पंपवाले म्हणत. नोटिसा चिकटवायचं काम त्याला नव्यानेच दिलं होतं. आत्या आतून आली. आत्या ती खरं तर एकट्या भाचीची, पण भाची दिवसभर ‘आत्या, आत्या’ असा गजर लावायची, त्यामुळे सगळी गल्लीच तिला आत्या म्हणत होती. तिने आधी चादरीवरची खळ बघितली, मग पंपवाल्यांकडे बघितलं, आणि मग चष्मा लावून नोटीस वाचली.

आपल्या लॉन्ड्रीतील कोळशाच्या भट्टीमुळे शहराची हवा दूषित होत आहे, सबब स्वच्छ हवा मोहिमेअंतर्गत येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता आपले दुकान सील करण्यात येईल, असं तिच्यात लिहिलं होतं.

“कोळशाची भट्टी?” आत्या म्हणाली. “कुठली कोळशाची भट्टी?”

प्रश्न रास्त होता. ती भट्टी आत्याने तीन वर्षांपूर्वीच विझवली होती, तीही सरकारच्याच पहिल्या मोहिमेत, शहाण्या नागरिकासारखी, कुणी बडगा दाखवायच्या आधी. आता पाणी तापायचं विजेवर. जुन्या भट्टीत कपड्यांचे चिमटे ठेवलेले असत आणि गेल्या महिन्यापासून तिच्यात मांजर व्याली होती. धूर यायचा तो दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडून. तिथे डांबराचा प्लँट होता. रोज दहाच्या ठोक्याला तो सुरू व्हायचा आणि एक वाजेपर्यंत काळाकुट्ट धूर ओकायचा. त्याच्याविरुद्ध आत्याने चार वर्षांत एवढे अर्ज दिले होते, की ऑफिसातल्या आवक बारनिशीच्या बाई तिला बघताच शिक्का उचलायच्या.

“मी फक्त चिकटवणारा,” पंपवाले म्हणाले. “बोलायचं ते साहेबांशी बोला.”

“बोलते की! सोडते की काय?” आत्या म्हणाली आणि नोटिशीसकट चादर घडी करून काखेत मारून निघाली. बरोबर एक पत्र्याची पेटी घेतली.

साहेबांकडे शहराच्या हवेचं खातं होतं, म्हणून ऑफिसात त्यांना हवासाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांच्या खोलीच्या खिडक्या चिकटपट्टी लावून बंद केलेल्या होत्या आणि दोन कोपऱ्यांत हवा शुद्ध करणारी दोन यंत्रं घोंघावत होती. शहराची हवा सांभाळणाऱ्या माणसाच्या खोलीत शहराच्या हवेला मज्जाव होता.

“भट्टी रेकॉर्डवर आहे,” साहेब म्हणाले.

“रेकॉर्डवर असेल. दुकानात नाही. आता तिच्यात मांजर व्यालीय.”

“तसा अर्ज केलात?”

“मांजरीचा?”

“भट्टी विझवल्याचा!”

“भट्टी विझवायला अर्ज लागतो?”

“पेटवायला लागत नाही, विझवायला लागतो. त्याशिवाय आम्हाला कळणार कसं?”

“येऊन बघा ना. चालत सहा मिनिटं लागतात.”

“बघायचं म्हणजे स्थळपाहणी. ती सील करताना होते.” साहेबांनी आवाज जरा खाली आणला. “हे बघा, या तिमाहीत आम्हाला प्रदूषणाची दहा ठिकाणं बंद करून दाखवायचीत. नऊ झाली. तुम्ही दहाव्या. मनाला लावून घेऊ नका.”

“माझं तीस वर्षांचं दुकान बंद करताय आणि मी मनाला लावून घेऊ नको? मग कुठे लावू, कपाळाला?”

साहेबांनी कागद चाळले.

“आणि माझ्या भिंतीपलीकडचा तो डांबराचा प्लँट?” आत्याने विचारलं. “तो नाही दिसत तुम्हाला?”

“तो आपल्याच रस्ते विभागाचा आहे.”

“धूर काळाच येतो ना पण?”

“अहो, रस्त्यांवरची धूळ कमी व्हावी म्हणून तर रस्ते करतोय! तो धूर मोहिमेत धरलेला नाही.”

आता आत्याने पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. आत हातरुमालाएवढे पांढऱ्या कापडाचे तुकडे होते, दाबून दाबून भरलेले. ही आत्याची जुनी रीत. रोज चादरी दोरीवर टाकायच्या आधी ती एक ओला रुमाल टाकायची. अर्ध्या तासाने तो बघायचा. पांढरा असला तर चादरी बाहेर, काळे ठिपके असले तर चादरी मागच्या खोलीत पंख्याखाली. खराब झालेल्या प्रत्येक रुमालावर तिने लाल दोऱ्याने तारीख घातली होती. तीस वर्षांत तिच्या दुकानातून एकही डागाळलेला कपडा गिऱ्हाइकाकडे गेला नव्हता, तो या रुमालांच्या जिवावर.

“चार वर्षांचे आहेत,” ती म्हणाली. “बघा. धूर सुरू झाल्यावर दोरीवर राहिलेला एक तरी पांढरा दाखवा.”

साहेबांनी एक रुमाल दोन बोटांत धरला आणि परत पेटीत टाकला. “बाई, हा रुमाल आहे. आमच्याकडे यंत्र आहे. तुमच्याच कोपऱ्यावर बसवलंय, परदेशी आहे. कालचा आकडा बेचाळीस. बेचाळीस म्हणजे काय ते माहितीय? उत्तम!”

“हवा उत्तम आहे, तर मला कशाला बंद करताय?”

“अहो, उत्तम ठेवायला नको का?” साहेब उठले. त्यांना मीटिंगला जायचं होतं आणि ही बाई दारातून हलत नव्हती. “त्या कोपऱ्यावर हवा इतकी स्वच्छ आहे, की खुशाल कपडे वाळत घाला तिथे!”

“देता लिहून?”

“काय?”

“हेच, आत्ता म्हणालात ते. लिहून द्या, मी जाते.”

बाई जाते म्हटल्यावर साहेबांनी टेबलावरच्या तिच्याच एका जुन्या अर्जाच्या पाठीवर खरडलं, ‘सदर कोपऱ्यावरील हवा कपडे वाळवण्यास योग्य आहे.’ खाली सही केली. सवयीने शिक्काही मारला. शिक्का जवळ असला की हात थांबत नाही, त्यात साहेबांचा काय दोष!

मंगळवारी सकाळी सात वाजता आत्या आणि भाची चोवीस ओल्या चादरी घेऊन कोपऱ्यावर हजर झाल्या. यंत्र म्हणजे फ्रिजएवढं एक पांढरं कपाट, डोक्यावर नळी, भोवती लोखंडी कुंपण आणि शेजारी खांबावर आकडा दाखवणारा दिव्यांचा फलक. आत्याने कुंपणाच्या चारही बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि चादरी टाकल्या. यंत्र दिसेनासं झालं.

तेवढ्यात पंपवाले आले. पाठीवर पाण्याची टाकी, हातात फवारा. “अहो आत्या! हे सरकारी कुंपण आहे.”

आत्याने कागद दाखवला. पंपवाल्यांनी तो दोनदा वाचला, शिक्का उन्हात धरून बघितला. “सही तर साहेबांचीच आहे.”

“मग? आणि तुम्ही इथे काय करताय सकाळी सकाळी?”

“फवारणी. यंत्र वर आकडे पाठवतं ना, त्याच्या आधी आजूबाजूला पाणी मारायचं. धूळ खाली बसते.”

“रोज?”

“रविवारीसुद्धा.”

“म्हणजे पोराचं तोंड धुऊन फोटो काढायचा आणि म्हणायचं, आमचं पोर नेहमी असंच असतं.”

“मी काही बोललो नाही हं आत्या,” पंपवाले इकडेतिकडे बघत म्हणाले. “माझी पेन्शन दोन वर्षांवर आलीय.”

“नका बोलू. फक्त चादरींवर मारू नका. वाळायच्या आहेत.”

पंपवाल्यांनी चादरी टाळून चारही बाजूंनी पाणी मारलं. आता आतल्या यंत्राची अवस्था बघा. चोहोबाजूंनी ओल्या चादरींच्या भिंती, बाहेर ओली जमीन. धुळीचा कण आत शिरणार कुठून? आठ वाजता फलकावर आकडा लागला, नऊ.

नऊ! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. एकाने फोटो काढला. “नऊ म्हणजे वाईट का चांगलं?” दुसऱ्याने विचारलं. दीड तासात ऑफिसात वरून फोन आला, की देशभरात एवढा कमी आकडा कुणाचाच नाही, तुम्ही नक्की केलंत काय? साहेबांना काहीच माहीत नव्हतं. पण ‘माहीत नाही’ हे शब्द त्यांनी नोकरीत कधी उच्चारले नव्हते.

“विशेष प्रयत्न केलेत,” ते म्हणाले.

“छान! शनिवारी पथक येतंय बघायला.”

फोन ठेवल्यावर साहेबांनी पंपवाल्यांना बोलावून विशेष प्रयत्न काय केले ते विचारून घेतलं आणि तडक कोपऱ्यावर आले. तोवर पावणेदहा झाले होते. चादरी वाळल्या होत्या आणि प्लँट सुरू व्हायच्या आत आत्या त्या भराभर काढत होती. तिकडे फलकावरचा आकडा चढायला लागला होता. सदतीस, चौसष्ट, एकशे अकरा.

“बाई, थांबा! राहू द्या त्या!”

“वाळल्यात. वाळलेला कपडा मी दोरीवर ठेवत नाही.”

“मग परत ओल्या करा!”

भाचीला हसू आवरेना. आत्या मात्र हसली नाही. “शनिवारपर्यंत रोज टाकते. नोटीस फाडा.”

“नोटीस कशी फाडणार? जावक नंबर पडलाय तिला. आणि पथकाला दहावं ठिकाण दाखवायचंय मला. ते सगळे असतानाच तुमचं सील करू म्हणजे…” साहेबांनी जीभ चावली.

“म्हणजे माझ्याच चादरींनी तुमचा आकडा सजवायचा आणि मग माझ्याच दाराला लाख लावायची! वा रे वा! कुठे शिकलात हो हे?” आत्याने शेवटची चादर ओढली. “चल गं. यांना यांची हवा आणि आपल्याला आपली.”

फलकावर एकशे ऐंशी लागला.

साहेबांनी ठरवलं, बाईवाचून काही अडलेलं नाही. कापडच हवं ना? ऑफिसात पडद्यांना काय तोटा! गुरुवारी सकाळी सगळ्या ऑफिसाचे पडदे उतरवले, पंपवाल्यांनी ते हातगाडीवरून आणले आणि कुंपणाभोवती टांगले. आता हे पडदे ऑफिस झाल्यापासून कुणी धुतले नव्हते. ते मातकट रंगाचे आहेत अशी सगळ्यांची समजूत होती. टांगताना वारा आला आणि पडदे एकदम फडफडले. पंपवाले खोकत खोकत खाली बसले. फलकावर चारशे सत्त्याऐंशी लागला.

मोहिमेत एक मोठी सोय केलेली होती. आकडा चारशेच्या वर गेला, की सगळ्या शहराला मोबाइलवर आपोआप इशारा जायचा. तो गेला. ‘हवा धोकादायक. घराबाहेर पडू नका.’ शाळांनी मैदानं बंद केली. दुकानदारांनी शटरं ओढली. एका बँकेने लोकांना आत घेऊन दार लावलं, मग उघडेचना. आत्याचा मोबाइलही टुणटुणला. तिने संदेश वाचला, कोपऱ्यावर नजर टाकली आणि भाचीला म्हणाली, “पडदे झटकून टांगायचे असतात, हे यांच्या आयांनी शिकवलं नाही वाटतं.”

शुक्रवारी सकाळी पंपवाले हातगाडी घेऊन लॉन्ड्रीच्या दारात उभे. गाडीवर पडद्यांचा ढीग, ढिगावर एक पांढरा शर्ट. “साहेबांनी दिलेत. अर्जंट. उद्या पथक आहे. शर्ट साहेबांचा, पथकासमोर घालायचाय. पडद्यांचं नावही ठरलंय, ‘शुद्ध पडदा योजना’.”

भाची कडाडली. “लाज नाही वाटत? उद्या अकराला आम्हाला सील करणार आणि आज कपडे धुवायला पाठवतात! आत्या, परत पाठव सगळं.”

आत्याने शर्ट उचलला. कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके होते, ही साहेबांची खूण. अकरा वर्षं साहेबांचे शर्ट इथेच धुतले जात होते. ते घेऊन यायच्या वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी. आपल्या शर्टांवर लाल टाके कोण घालतं, हे साहेबांनी कधी विचारलंसुद्धा नसावं.

“माणसाचं चुकलं. कपड्याचं काय चुकलं?” आत्या म्हणाली. “दारात आलेला कपडा मी आजवर परत पाठवलेला नाही. जायचंच असेल, तर हात स्वच्छ ठेवून जाईन. माझ्या हातून डाग लागला असं त्याला म्हणू देणार नाही.” भाचीने मुकाट्याने पाणी तापत ठेवलं.

पडद्यांनी पाच पाणी घेतली. पाचव्या पाण्यानंतर ते निळे निघाले. पंपवाले बघतच राहिले. “निळे आहेत? अठरा वर्षं मी त्या ऑफिसात आहे!”

शर्ट आत्याने स्वतः धुतला, मागच्या खोलीत पंख्याखाली वाळवला, स्वतः इस्त्री केली. असा पांढरा, की बघून डोळे बारीक व्हावेत.

शनिवारी साडेनऊला साहेब सकाळी चालायला घालायच्या टी-शर्टवरच दुकानात आले. आत्याकडे न बघता त्यांनी शर्ट घेतला, आतल्या बाजूला जाऊन बदलला आणि टी-शर्ट टेबलावर टाकला. “हा पण धुवा. म्हणजे, वेळ असला तर. अकराच्या आत.”

“आधी वही,” आत्या म्हणाली. “कपडा बघून घ्यायचा, डाग असेल तर आत्ता बोलायचं, नसेल तर सही करायची. सगळ्यांना हाच नियम आहे.”

साहेबांनी आरशात बघितलं. ठिपकासुद्धा नव्हता. त्यांनी वहीत सही केली. ‘शर्ट एक, पांढरा, डाग नाही. सकाळी नऊ चाळीस.’

कोपऱ्यावर निळे ओले पडदे लागले होते आणि आकडा एकोणीस होता. पंपवाल्यांच्या पाठीवर टाकी होती आणि खांद्याला एक पिशवी. पिशवीत लाख, मेणबत्ती, सुतळी आणि पितळी शिक्का, लॉन्ड्री सील करायला. साहेब पडद्यांसमोर छाती काढून उभे राहिले. पथक दहाला येणार होतं.

दहाला पथक आलं नाही. प्लँट आला, म्हणजे त्याचा धूर आला, रोजच्यासारखाच, ठोक्याला. तो भिंतीवरून उतरला आणि गल्लीत पसरला. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग फलक बघितला. एकवीस, तेवीस.

“फवारणी सुरू ठेवा!” ते ओरडले. “थांबू नका! पथक कधीही येईल!”

“साहेब, वारा तुमच्याकडे आहे.”

“तुम्ही मारा हो!”

पंपवाल्यांनी मारलं. वारा खरंच साहेबांकडे होता. पाण्याची बारीक झड त्यांच्या अंगावर येत राहिली आणि शर्ट ओलसर झाला. आता कुठलंही घरकाम करणारं माणूस सांगेल, की काजळी कोरड्या कापडावरून झटकली जाते, ओल्याला धरून बसते. पण साहेबांनी आयुष्यात कधी रुमालसुद्धा वाळत घातला नव्हता. ते हलले नाहीत. पथकासमोर करायचं भाषण ते मनातल्या मनात घोकत उभे राहिले, पाच मिनिटं, वीस मिनिटं, एक तास.

आत्या दुकानाच्या पायरीवरून बघत होती.

“आत्या,” भाचीने हळूच विचारलं, “आजचा रुमाल टाकायचा राहिला ना?”

“राहू दे,” आत्या म्हणाली. “आज मोठा टाकलाय.”

अकरा वाजून पाच मिनिटांनी गाडी आली. पथकाच्या प्रमुख म्हणजे एक ठेंगण्या बाई, केस पांढरे, बोलणं मोजकं. साहेब पुढे झाले. “मॅडम, स्वागत! आकडा बघा, सव्वीस! उत्तम हवा. ही आमची शुद्ध पडदा योजना. आणि समोर ते शहरातलं दहावं प्रदूषणकारी ठिकाण, लॉन्ड्री. तुमच्या हस्तेच सील करू.”

बाईंनी फलक बघितला नाही. त्या साहेबांकडेच बघत होत्या. “तुमच्या शर्टाला काय झालंय?”

साहेबांनी मान खाली घातली. शर्टावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे काळे ठिपके होते. खांद्यांवर तर नुसतं काळं. त्यांनी हाताने पुसायला घेतलं आणि ठिपक्यांचे पट्टे झाले.

“लॉन्ड्रीनेच असा दिला असणार!” साहेब म्हणाले. “बघा, बघा हे लोक कसं काम करतात!”

बस! बाकी सगळं आत्याने सोसलं होतं. ती वही घेऊन तरातरा पायरी उतरली. “मॅडम, ही यांची सही. आज सकाळी नऊ चाळीसला शर्ट नेला, डाग नाही. आणि हा दुसरा कागद. ही पण यांचीच सही, वर शिक्का. या कोपऱ्यावरची हवा कपडे वाळवायला योग्य आहे म्हणे. दोन्हींतली एक तरी खोटी आहे. माझी वही तीस वर्षांत खोटी ठरलेली नाही. तुमचं तुम्ही ठरवा.”

बाईंनी दोन्ही कागद वाचले. मग यंत्राभोवतीचा निळा पडदा बाजूला करून आत बघितलं, बाहेरची ओली जमीन बघितली, आणि शेवटी पंपवाल्यांकडे वळल्या. “पाणी कोण मारतं?”

पाठीवर टाकी, हातात फवारा, नळीतून थेंब गळतायत. काय लपवणार? “मीच,” पंपवाले म्हणाले. “रोज. रविवारीसुद्धा.” मग त्यांनी पेन्शनचा विचार केला आणि डोळे मिटले.

“सांगितल्याशिवाय कुणी रविवारी पाणी मारत नाही,” बाई म्हणाल्या. “भट्टी दाखवा.”

आत्याने भट्टी दाखवली. आतून मांजर गुरगुरली. बाईंनी पेन काढून, आत्याने चादरीवरून सोलून ठेवलेल्या नोटिशीवर लिहिलं, ‘भट्टीत चार पिल्ले आढळली. धूर आढळला नाही. रद्द.’ जावक नंबर पडलेली नोटीस रद्द करायला त्यांना पाऊण मिनिट लागलं. आत्याने भिंतीला हात टेकला. भाची तर सरळ रडायलाच लागली.

मग बाईंनी मागच्या भिंतीवरून येणाऱ्या धुराकडे बोट केलं. “दहावं ठिकाण ते आहे. सोमवारी माझं पत्र येईल. आणि हा शर्ट पुरावा म्हणून जाईल. सील करायचं सामान आणलंयत ना? काढा.”

“काय काढू?” साहेब म्हणाले.

“शर्ट.”

“आत्ता?”

“शनिवारी सकाळी अकराला सील करायचं असं तुम्हीच लिहिलंय. आधीच उशीर झालाय.”

साहेब आतल्या बाजूला गेले. शर्ट पिशवीत गेला, पिशवीला सुतळी बांधली. पंपवाल्यांनी मेणबत्ती पेटवली आणि गाठीवर लाख ओतली. नोटिशीच्या वेळी चुकलेला त्यांचा हात या वेळी चुकला नाही, शिक्का बरोबर मधोमध बसला. आत्याने आपली रुमालांची पेटीही बाईंच्या हवाली केली, पोचपावती घेऊन. गाडी निघून गेली.

लॉन्ड्रीच्या आतल्या बाजूने खाकरल्याचा आवाज आला. “माझा टी-शर्ट?”

“धुतला की! वेळ होता,” भाची डोळे पुसत म्हणाली. “ओला आहे. बाहेर वाळत घालू?”

“नको!” साहेब किंचाळले.

बाहेर बघ्यांची गर्दी जमली होती. तीत बँकेत अडकलेले लोकही होते. बनियनवर तीतून जायचं म्हणजे साहेबांची अब्रूच गेली असती. शेवटी आत्यालाच दया आली. तिने कपाटातून एक घडीची चादर काढली, तीच ती, नोटीस चिकटवलेली. खळीचा मागमूस राहिला नव्हता.

“ही गुंडाळा. पण आधी वही. चादर एक, पांढरी, डाग नाही. नर्सिंग होमची आहे, मला अशीच परत हवी. ठिपका दिसला तर घेणार नाही.”

साहेबांनी सही केली, चादर अंगाभोवती घेतली आणि दारापर्यंत आले. बाहेर धूर होता. त्यांनी पाय उंबऱ्यावर ठेवला आणि मागे घेतला. चादरीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं. मग मोबाइल काढला.

“हॅलो, रस्ते विभाग? मी बोलतोय, हवा. तो डांबराचा प्लँट बंद करा. आत्ताच्या आत्ता… सोमवारी पत्र येईल हो, ते सोमवारी! मी आज सांगतोय!… कारण? अहो, कारण कसलं विचारता, मला घरी जायचंय!”

अकरा मिनिटांनी भिंतीपलीकडची घरघर थांबली. चार वर्षांत पहिल्यांदाच साडेअकरा वाजता गल्लीत चिमण्यांचा आवाज ऐकू आला. साहेब चादर सावरत लगबगीने दाराकडे निघाले.

“थांबा,” आत्या म्हणाली. तिने एक नवा पांढरा रुमाल पाण्यात बुडवला, पिळला आणि दोरीच्या टोकाला अडकवला. “अर्धा तास बसा तिथे स्टुलावर. हा पांढरा राहतो का बघू. त्याशिवाय माझी चादर बाहेर जात नाही.”